नववा ठोका

लढाईचा पाचवा महिना लागला तेव्हा लान्स नायक वैजनाथ शिंत्रे तेवीस वर्षांचा होता आणि आठ माणसांची तुकडी कशी चालवायची हे शिकायला त्याच्याकडे एकवीस दिवस होते.

शांततेच्या दिवसांत याच अभ्यासक्रमाला तीन महिने लागत. पण उत्तरेच्या बर्फाळ सीमेवर तुकडीप्रमुख भराभर जखमी होत होते. शत्रूचे ड्रोन तुकडी दिसली की लगेच हल्ला करत नसत. वर थांबून बघत राहत. बाकीचे ज्याच्याकडे वळून बघतात, जो हात करून इशारे देतो, तो प्रमुख; एवढं त्या यंत्रांना कळू लागलं होतं. पहिला मारा त्याच्यावर व्हायचा.

वैजनाथच्या तुकडीचंही तसंच झालं होतं. प्रमुख पडला आणि उरलेल्यांना खडकांच्या आडोशानं वैजनाथनं बाहेर काढलं. जखमी प्रमुखाला पाठीवर घेऊन दोन किलोमीटर चालला तो समाधान खोत. दोघं गडहिंग्लज तालुक्यातल्या एकाच गावचे. समाधान तीन वर्षांनी मोठा, वैजनाथच्या थोरल्या भावाचा वर्गमित्र. भरतीच्या आधी पहाटे पळायला वैजनाथला घरातून ओढून काढायचा तोच. वैजनाथ त्याला समादा म्हणायचा. प्रशिक्षणासाठी निवड मात्र वैजनाथची झाली, आणि त्याची सगळी तुकडी त्याच्याबरोबर तळावर आली. समाधान आता त्याच्या हाताखाली होता.

तळ अकरा हजार फुटांवर, देवदारांच्या रांगेच्या जरा वर होता. पहिल्याच सकाळी कॅप्टन इरावती सप्रे यांनी सगळ्या प्रशिक्षणार्थींसमोर एक रुंद, काळा पट्टा टेबलावर ठेवला. त्या मूळच्या डॉक्टर. मेंदूवरचं संशोधन सोडून सैन्यात आल्या होत्या.

“याला आम्ही मेखला म्हणतो,” त्या म्हणाल्या. “शर्टाच्या आत, कमरेला बांधायची. आत आठ बटणं आहेत. प्रत्येक बटण म्हणजे तुमचा एक माणूस. त्याच्या छातीवर एक चकती चिकटवलेली असेल. ती त्याचे ठोके मोजते, रक्तातला प्राणवायू मोजते, आणि तो तुमच्या कुठल्या बाजूला किती लांब आहे हेही सांगते. ते सगळं तुम्हाला कमरेवर थरथरीच्या रूपात जाणवेल.”

“मॅडम, आठ जणांचे ठोके एकदम? डोकं फिरंल की,” मागून कुणीतरी म्हणालं.

“पहिले आठ दिवस फिरेल,” कॅप्टन शांतपणे म्हणाल्या. “मग काय होतं ते सांगते. तुमचा मेंदू कवटीच्या अंधारात बसलेला असतो. त्यानं उजेड कधी पाहिलेला नाही, आवाज कधी ऐकलेला नाही. त्याच्याकडे पोचतात त्या फक्त विजेच्या बारीक लहरी. डोळ्यांकडून आलेल्यांना तो दिसणं म्हणतो, कानांकडून आलेल्यांना ऐकणं. त्या कुठल्या दारानं आल्या याच्याशी त्याला फारसं घेणंदेणं नसतं. त्यांच्यात एक ठरावीक नियम सापडला की तो त्यांचा अर्थ लावतो. आपण त्याला एक नवं दार उघडून देतोय, एवढंच. मग तुम्हाला वळून बघावं लागणार नाही, आणि हातही करावा लागणार नाही.”

पहिल्या आठवड्यात वैजनाथला कमरेभोवती मुंग्यांचं वारूळ बांधल्यासारखं वाटत होतं. जेवताना, पळताना, झोपताना ते थरथरणं चालूच. दोन प्रशिक्षणार्थींनी पट्टा सोडून दिला आणि ते आपापल्या पलटणीत परत गेले. वैजनाथही त्याच विचारात होता.

नवव्या दिवशी दुपारी सराव घेणाऱ्या सुभेदार कासोट्यांनी त्याचे डोळे फडक्यानं बांधले आणि बर्फाच्या मैदानात मधोमध उभं केलं. त्याचे आठ जण चारी दिशांना पांगले. वैजनाथ उभा राहिला. कमरेवर नेहमीचा गोंधळ होता. आणि मग एका क्षणी तो गोंधळ राहिलाच नाही. उजवीकडे मागं कुणीतरी धावत होतं. तो तुकडीतला फैयाज होता, हे त्याला विचार करावा लागण्याआधीच कळलं. डावीकडं समाधान उभा होता, त्याचा संथ, दणकट ठोका. समोर दोघं लगटून चालत होते आणि त्यातला एक धापा टाकत होता.

“फैयाज थांबला,” वैजनाथ मोठ्यानं म्हणाला. “आता वाकला. समादा माझ्याकडे यायला लागलाय. वरुटे, तू दम घे, तुला धाप लागलीय.”

सुभेदारांनी फडकं सोडलं. सगळे त्यानं सांगितलं तिथंच होते. शाळेत असताना तो फुटबॉलच्या संघात गोलरक्षक होता. सगळं मैदान एका नजरेत धरायची त्याला सवय होती. पण हे वेगळं होतं. मैदान आता त्याच्या अंगात आलं होतं. त्या दिवशी तो इतका खुशीत होता की जेवणाच्या रांगेत उभ्याउभ्या, पाठीमागं न बघता, कोण कुठं बसलंय हे सांगत राहिला आणि पोरं हसत राहिली.

या नव्या शक्तीनं त्याची पहिली चूक करवली. सरावात कठीण काम आलं की तो कमरेवर लक्ष द्यायचा आणि ज्याचे ठोके सगळ्यांत शांत, त्याला पुढं काढायचा. म्हणजे समाधान, नाहीतर वरुटे. फैयाज मुजावर कड्यावर चढण्यात सगळ्यांत तरबेज होता, पण दोराला हात लावायच्या आधीच त्याची छाती धडधडायला लागायची, म्हणून वैजनाथ त्याला मागं ठेवायचा. पाच दिवसांत समाधान आणि वरुटे थकून गेले, फैयाज बोलेनासा झाला.

सुभेदार कासोट्यांनी त्याला बाजूला घेतलं. पन्नाशीला आलेला, कमी बोलणारा माणूस. “शिंत्रे, मुजावरला मागं का ठेवतोस?”

“घाबरतो साहेब. ठोके दीडशेवर जातात.”

“मग? घाबरून आजवर त्यानं कुठलं काम टाकलंय?”

वैजनाथनं आठवून पाहिलं. एकही नाही.

“यंत्र तुला त्याला आत्ता काय वाटतंय ते सांगतं. तो काय करील ते नाही सांगत. ते त्याला विचारावं लागतं.”

पण विचारायला जाण्याआधीच समाधाननं त्याला गाठलं. तंबूत दोघंच होते. समाधान बूट काढत होता, मान खाली.

“काल घरून निरोप आला तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस,” तो म्हणाला.

“तुझे ठोके एकदम वाढले होते, समादा. वाटलं काहीतरी वाईट आहे.”

“आईला दवाखान्यात ठेवलंय. मी सांगणार होतो तुला, माझ्या वेळेनं. त्याआधी तुला कळलं.” त्यानं बूट बाजूला ठेवला. “वैजा, तुझ्या हुकमात राहायला मला कमीपणा वाटत नाही. तू लायक आहेस. पण माझ्या छातीत काय चाललंय ते तुला कळतंय आणि तुझ्या छातीतलं मला काही कळत नाही. गावाकडं आपलं असं नव्हतं.”

वैजनाथ तसाच उठून कॅप्टन सप्र्यांच्या खोलीत गेला आणि त्यांना विचारलं, की हे उलटं करता येईल का? प्रमुखाचा ठोका बाकीच्यांना कळेल असं?

कॅप्टननी टेबलावरची मेखला उलटी केली. “येतं. चकतीलाही बारीक थरथर देता येते, आणि तुमच्याही छातीवर ती आहेच. बकलाच्या मागं एक कळ आहे. ती दाबली की तुमचा ठोका आठही जणांना गळ्याखालच्या हाडावर जाणवेल. पण ती आम्ही तारेनं बांधून मोहोर लावलीय. प्रयोगशाळेत करून बघितलं होतं. प्रमुख घाबरला की दोन मिनिटांत सगळी तुकडी घाबरायची.”

“प्रयोगशाळेत ते एकमेकांना ओळखत होते का मॅडम?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “मोहोर तोडलीत तर मला ते अहवालात लिहावं लागेल. आणि मग तुमचं काय होईल, ते माझ्या हातात नसेल.”

अठराव्या दिवशी सराव संपला, कारण खरंच काम आलं.

तळाच्या वर, साडेचौदा हजार फुटांवर, कड्याच्या बाहेर आलेल्या खडकावर एक चौकी होती. तिला सगळे सज्जा म्हणत. सकाळी तिच्यावर मारा झाला. संदेशयंत्र जळालं होतं. चार माणसं वर अडकली होती. त्यांतल्या एकाचा पाय मोडल्याचं त्यांनी आरशाच्या चमकेनं कळवलं होतं. हेलिकॉप्टर पाठवणं म्हणजे ड्रोनच्या तोंडी देणं. पण दहा वाजता ढग उतरायला लागले. हवामानवाल्यांच्या अंदाजानं पाच-सहा तास ढग राहणार होते, आणि ढगात ड्रोन आंधळे.

सगळ्यांत जवळचं सैन्य म्हणजे हा तळ. एक वाट पश्चिमेकडून, एक थेट खिंडीतून. सुभेदार एका तुकडीला घेऊन पश्चिमेकडून निघाले. खिंडीची वाट वैजनाथला मिळाली.

“तळाशी बोलायचं नाही,” कॅप्टननी बजावलं. “लांबचा संदेश ते पकडतील. मेखलेचा आवाका जेमतेम दोनशे मीटर, ती चालेल. पण एक लक्षात ठेवा. एरवी तुमच्या स्वतःच्या चकतीवर आम्ही इथून नजर ठेवतो. आज ठेवता येणार नाही.”

निघताना वैजनाथच्या अंगात असं काही भरलं होतं की पाय जमिनीवर ठरेनात. अठरा दिवस ज्याची तयारी केली ते समोर होतं. ढगात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं, पण त्याला सगळी तुकडी मागं ओळीनं येताना कळत होती. कुणी घसरलं तर त्याला आधी समजायचं. कुणाचा दम वाढला की तो चाल कमी करायचा. एक शब्द न बोलता नऊ जण एका अंगासारखे चढत होते.

खिंडीच्या माथ्यावर बर्फाची अरुंद धार आडवी आली. चाळीस मीटर लांब, रुंदी दोन पावलं, दोन्ही बाजूंना नुसता पांढरा ढग. पहिल्यानं जाऊन दोर बांधायचा होता. सगळे थांबले. कमरेवरचे आठही ठोके एकापाठोपाठ चढत गेले. एकाची भीती दुसऱ्याला दिसत होती.

वैजनाथ फैयाजकडं गेला. “फैयाज, तुझी छाती वाजतीय.”

“वाजू दे. ती नेहमीच वाजते,” फैयाज म्हणाला. “तू मला पाठवतच नाहीस, तर मी काय करू?”

“जाशील?”

“जातो की.”

पण बाकीचे अजून गारठल्यासारखे उभे होते. समाधान त्याच्याकडं बघत होता. वैजनाथनं शर्टात हात घातला, बकलामागची तार शोधली आणि तोडली. मग कळ दाबली.

सगळ्यांचे हात एकदम गळ्याकडे गेले.

“आयला,” समाधान हळूच म्हणाला. “तुझी तर आमच्यापेक्षा जोरात वाजतीय.”

वरुटे हसला. मग दुसरा. हसण्यानं जे झालं ते वैजनाथला कमरेवर कळलं. एकेक ठोका खाली उतरला. फैयाजचा तेवढा धारेवर पाऊल टाकेपर्यंत दीडशेवर होता. धारेवर गेला आणि त्याचा ठोका इतका एकसारखा झाला की वैजनाथ चकित झाला. हे त्यानं आजवर पाहिलंच नव्हतं, कारण पाहायची संधीच स्वतःला दिली नव्हती. दहा मिनिटांत दोर बांधला गेला. सगळे पार झाले.

पुढं चढ सुरू झाला आणि वैजनाथला वाटलं, आपण आजवर इतके चांगले कधीच नव्हतो. थकवा नव्हता. डोकं लख्ख होतं. समोर एक मोठा उघडा बर्फाचा उतार आला. त्याच्या पलीकडे, वर, सज्जा. सरळ कापत गेलं तर वीस मिनिटं. डावीकडून खडकांच्या कण्यावरून गेलं तर तासभर. दोन दिवसांपूर्वी नवं बर्फ पडलं होतं, आणि असा उतार दुपारी ओलांडायचा नाही, बर्फाचा थर सुटतो, हे त्यानं स्वतःच पोरांना शिकवलं होतं. त्या क्षणी ते त्याला आठवलंही नाही.

“सरळ जाऊ,” तो म्हणाला. “वीस मिनिटांत चौकी.”

कुणी हललं नाही.

“वैजा,” समाधान पुढं आला. “बस जरा.”

“बसायचं काय? वेळ नाही.”

“तुझा ठोका खरखरीत झालाय. मघापासून. मला वाटलं, मलाच तसं लागतंय. पण वरुट्यालाही लागतोय. फैयाजलाही.”

ठोक्याला खरखर येणं म्हणजे रक्तातला प्राणवायू घटणं, हे सगळ्यांना शिकवलेलं होतं. उंचीवर प्राणवायू कमी पडला की मेंदूचा सगळ्यांत आधी जो भाग मंदावतो, तो आपलं काही चुकतंय का हे बघणारा. माणसाला त्रास होत नाही. उलट फार बरं वाटतं. आणि ज्याला तो बिघाड झालाय, त्यालाच तो कळत नाही. वैजनाथला बाकी आठ जणांचं रक्त कळत होतं. त्याचं स्वतःचं कळायला त्याच्या पट्ट्यात नववं बटण नव्हतं.

“मला काही झालेलं नाही,” तो चिडून म्हणाला. “हुकूम आहे. चला.”

“हुकूम कळला,” समाधान म्हणाला. आवाज चढला नव्हता. “आपल्या आठ जणांची नावं सांग. मग जाऊ.”

वैजनाथ हसला. तोंड उघडलं. “समाधान. फैयाज. वरुटे...” चौथं नाव आठवलं. पाचवं आठवलं. पुढं काही आलं नाही. कमरेवर आठ ठोके स्पष्ट वाजत होते, आणि तीन माणसं, ज्यांच्याबरोबर तो महिनोन्महिने एका ताटात जेवला होता, त्याच्यासमोर उभी होती आणि त्यांना नावं नव्हती.

तो बर्फात बसला. आतापर्यंत डोक्यात लख्ख वाटत होतं, ते सगळं खोटं होतं हे त्याला कळलं आणि रडू फुटायच्या बेतात आलं. पण वेळ नव्हता, हेही खरंच होतं.

“समादा,” तो म्हणाला, “तुकडी तू घे.”

“पट्टा दे मग.”

“पट्टा तुला आज कळणार नाही. मुंग्या चावतील नुसत्या.” त्याला शब्द जुळवायला कष्ट पडत होते. “पट्टा माझ्याकडं राहू दे. कुणाला काय होतंय ते मी सांगतो. वाट तू ठरव. मी सांगीन ते पटलं नाही, तर ऐकू नकोस.”

समाधाननं पाठीवरच्या पिशवीतली प्राणवायूची छोटी नळकांडी काढली. दोनच होत्या, चौकीवरच्या जखमीसाठी आणलेल्या. वैजनाथनं हात मागं घेतला.

“दहा मिनिटं,” समाधान म्हणाला. “आता हुकूम माझा आहे.”

मुखवटा लावल्यावर तीन-चार मिनिटांतच उरलेली तिन्ही नावं एकेक करून परत आली. वैजनाथनं ती मोठ्यानं म्हटली. मग ते खडकांच्या कण्यावरून निघाले. समाधान पुढं, वैजनाथ मधोमध, फैयाजच्या दोराला बांधलेला. अधूनमधून तो सांगायचा, “शेवटच्याला दम लागलाय,” आणि समाधान थांबायचा. तासाच्या आत ते सज्जावर होते.

चौकीवरच्या चौघांनी त्यांना ढगातून येताना पाहिलं. पाय मोडलेला हवालदार म्हणाला, “तुमचा प्रमुख कोण?”

समाधान आणि वैजनाथनं एकमेकांकडं बोट दाखवलं.

हवालदाराला झोळीत बांधून ते त्याच कण्यावरून खाली आले. वाटेत ढगाला एक फट पडली आणि मघाचा उतार दिसला. तिथं वरचं नवं बर्फ नव्हतं. एवढा मोठा थर कधी सुटला, कुणालाही ऐकू आलं नव्हतं. खाली निळसर, घासलेला बर्फाचा पाया उघडा पडला होता. ते उतरत राहिले. खाली देवदारांची रांग दिसली तेव्हा मागं आकाश मोकळं व्हायला लागलं होतं, आणि वैजनाथनं बारा माणसं मोजून तळावर आणली, स्वतः तेरावा. पश्चिमेची वाट बर्फानं अडल्यामुळं सुभेदारांची तुकडी त्याआधीच परतली होती.

त्याच्या फुप्फुसात पाणी व्हायला लागलं होतं. चार दिवस तो तळावरच्या इस्पितळात होता. तिसऱ्या दिवशी सुभेदार कासोटे आले. हातात अहवालाचा कागद.

“यात एक प्रश्न आहे,” ते स्टुलावर बसत म्हणाले. “प्रशिक्षणार्थीनं नेमून दिलेल्या कामात शेवटपर्यंत नेतृत्व केलं काय? हो किंवा नाही. मी काय लिहू?”

“नाही लिहा साहेब. खरं तेच लिहा.”

“आणि मोहोर?”

“मी तोडली. तेही लिहा.”

सुभेदारांनी चष्मा लावला. “तीस वर्षांत मी बरेच तुकडीप्रमुख बघितले. स्वतः पडेपर्यंत तुकडी हातातून न सोडणारे. त्यातले काही माझे मित्र होते. त्यांच्याबरोबर त्यांची माणसंही गेली.” ते बराच वेळ लिहीत राहिले. ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन्हींवर त्यांनी काट मारली होती आणि खाली, समासात, बारीक अक्षरात सगळी हकिगत लिहिली होती. कागद संपला तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं.

आठवड्यानं उत्तर आलं. मोहोर तोडल्याबद्दल वैजनाथला लेखी ताकीद मिळाली. त्याच कागदाच्या दुसऱ्या परिच्छेदात तो उत्तीर्ण झाल्याचं, नायक झाल्याचं आणि तुकडी त्याच्याकडेच राहील असं होतं. कॅप्टन सप्र्यांनी मेखलेत साठलेल्या त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी वर पाठवल्या होत्या. यापुढच्या मेखलांना मोहोर लावायची की नाही हे ज्याच्या त्याच्या तुकडीनं ठरवावं, असा निर्णय झाला होता. आणि समाधान खोत याला पुढच्या एकवीस दिवसांच्या तुकडीत घेतलं होतं. आईला दवाखान्यातून घरी आणल्याचा निरोप त्याला त्याच दिवशी आला, आणि या वेळी तो त्यानं स्वतः, सगळ्यांत आधी, वैजनाथला सांगितला.

निघायची सकाळ. वैजनाथची तुकडी वर जाणार होती, समाधान तळावर राहणार होता. त्यानं छातीवरची चकती काढून वैजनाथच्या हातात दिली.

“माझ्या जागी कोण?”

“नवा पोरगा आहे, चंदगडचा. बोलत नाही फारसा.”

“त्याला आधी विचार, मग बघ,” समाधान म्हणाला.

“विचारतो.”

“आणि वर गेलास की सारखं बरं वाटायला लागलं, तर बसून घे.”

वैजनाथनं त्याला मिठी मारली. दोघांच्या जाड जाकिटांतून काहीच कळत नव्हतं. मग त्यानं पाठीवर पिशवी चढवली आणि ओळीच्या पुढं जाऊन उभा राहिला. ऊन बर्फावर नुकतंच पडलं होतं. मागून फैयाजचा आवाज आला.

“कळ उघडी आहे ना?”

“उघडी आहे.”

“लागतंय,” फैयाज गळ्याखाली बोट ठेवून म्हणाला. “चल मग.”